‘बाबा बीटा आहेत’ : १४ वर्षांच्या एका मुलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

चौकोनी कुटुंब. आई, बाबा, १७ वर्षांची मुलगी आणि १४ वर्षांचा मुलगा. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी चौघांचीही परवानगी घेतली आहे. मुलाने ती देताना एक अट घातली : “मला बिचारा दाखवू नका. आणि राक्षसही नको.” अट रास्त होती.

मी शाळकरी मुलांसोबत काम करणारी समुपदेशक आहे. ‘पुरुष म्हणजे काय’ हे ऑनलाइन शिकून घरात आग लावणारी मुलं गेल्या काही वर्षांत माझ्याकडे वाढली आहेत. हेच प्रकरण लिहायला घेतलं, कारण यात माझ्या हातून दोन चुका झाल्या आणि त्यातली एक मला खूप उशिरा कळली.

मुलगा वर्गात सगळ्यात बुटका. फुटबॉल बरा खेळायचा. पण त्या वर्षी बरोबरीची मुलं ताडमाड वाढली, हा होता तिथेच राहिला आणि संघनिवडीत त्याचं नाव आलं नाही. का आलं नाही, हे त्याला कोणी सांगितलं नाही. कारण त्याने स्वतःच लावून घेतलं. त्या संध्याकाळी त्याने फोनवर शोधलं ते ‘उंची वाढवण्याचे व्यायाम’.

त्याच सुमारास बाबांची नोकरी गेली. त्यांचा अख्खा विभागच बंद झाला. घर आईच्या पगारावर चालू लागलं आणि घरातली बरीच कामं बाबांकडे आली. मुलांना काळजी नको म्हणून आईबाबांनी ठरवलं की काही बोलायचं नाही. ‘सध्या बाबा घरून काम करतायत’ एवढंच सांगितलं. दोन्ही मुलांना आठवड्याभरात सगळं कळलं होतं. मुलांना काही कळत नाही, हा समज फक्त मोठ्यांचा असतो.

पुढच्या आठ महिन्यांत काय झालं ते मला नंतर त्याच्याच फोनमधल्या पाहण्याच्या इतिहासात दिसलं. तो इतिहास त्याने मला स्वतः दाखवला, तोही जरा अभिमानानेच. सुरुवातीचे काही आठवडे नुसते ताण देण्याचे व्यायाम, पुलअप्स, जबडा रेखीव कसा करायचा. मग शिस्त : पहाटे उठा, गार पाण्याने अंघोळ करा, तुला वाचवायला कोणी येणार नाही. मग पैसा. आणि सगळ्यात शेवटी बाई. बाईला काय हवं असतं, ती कोणाला मान देते, कोणाला वापरून घेते.

हा क्रम पालकांनी नीट पाहावा. बाईबद्दल त्याने एकदाही, अगदी एकदाही, काही शोधलं नव्हतं. ते त्याच्यासमोर आलं तेव्हा बोलणाऱ्या आवाजावर त्याचा विश्वास बसून चुकला होता. त्या आवाजाच्या सांगण्यावरून तो पहाटे उठू लागला होता, दंड भरू लागले होते, बरं वाटू लागलं होतं. व्यायामाबद्दल खरं बोलणारा माणूस बायकांबद्दल खोटं कशाला बोलेल?

छोटे व्हिडिओ दाखवणारी यंत्रणा तुम्ही काय शोधता यापेक्षा कुठे थांबता हे जास्त मोजते. डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किशोरवयीन मुलांची कोरी खाती उघडून यूट्यूब शॉर्ट्स आणि टिकटॉक चालवून पाहिलं. मुलगा म्हणून नोंदवलेल्या प्रत्येक खात्यावर पहिल्या २३ मिनिटांच्या आत पुरुषी वर्चस्वाचा किंवा स्त्रीविरोधी मजकूर आला, मग त्या खात्याने तसं काही शोधलेलं असो वा नसो. आमच्या मुलाला आठ महिने मिळाले होते.

नेमका प्रश्न काय होता

पालक आले ते शाळेतल्या प्रकारामुळे. मुलांच्या एका ग्रुपवर वर्गातल्या मुलींची यादी फिरली. प्रत्येकीच्या नावापुढे दहापैकी गुण. काहींच्या पुढे शेरे. यादी सहा-सात मुलांनी मिळून केली होती, पण गुणांचे निकष याने लिहिले होते आणि शेवटच्या नावापुढचा शेराही याचाच होता. तो मी इथे लिहीत नाही. शाळेने तीन दिवस वर्गाबाहेर ठेवलं. मुलाचं म्हणणं, “गंमत होती. मुलीपण करतात.”

त्याच्या आदल्या आठवड्यात त्याने बाबांकडे एका ऑनलाइन कोर्सचे पैसे मागितले होते. ‘श्रीमंत कसं व्हायचं’ छापाचा. बाबा नाही म्हणाले. द्यायला पैसे नव्हते, पण तेही सांगितलं नाही. नुसतं “नको ते काही” म्हणाले. मुलगा काही न बोलता खोलीत गेला आणि बहिणीला म्हणाला, “बाबा बीटा आहेत.”

यादीचा फोन आला त्या रात्री मुलगा झोपल्यावर आईने त्याचा फोन उघडला आणि पहाटेपर्यंत बघत बसली. सकाळी तिने मला विचारलेला पहिला प्रश्न होता, “मॅडम, या शब्दांची यादी मिळेल का? अल्फा, सिग्मा, सिम्प, रेड पिल... आम्हाला काहीच कळत नाही.”

ही मागणी माझ्याकडे नेहमी येते. थोडक्यात सांगते : ‘रेड पिल’ हा शब्द १९९९ च्या ‘द मॅट्रिक्स’ या चित्रपटातून उचललेला आहे. तिथे लाल गोळी घेणाऱ्याला जगाचं खरं रूप दिसतं. इथे ‘खरं रूप’ म्हणजे बायकाच पुरुषांवर राज्य करतात हा दावा. अल्फा म्हणजे वरचढ, बीटा म्हणजे दबलेला, सिग्मा म्हणजे कळपाबाहेर एकटा राहूनही वरचढ असलेला, सिम्प म्हणजे बाईच्या मागे लागून लाचार झालेला. पण पालकांनी हा कोश पाठ करण्यात जीव घालवू नये. तुम्ही शब्द शिकेपर्यंत मुलांनी तो टाकून दिलेला असतो आणि आईच्या तोंडी ‘सिग्मा’ ऐकण्याइतकं मुलाला परकं करणारं दुसरं काही नाही.

शब्द बाजूला ठेवल्यावर माझ्यासमोर तीन गोष्टी उरल्या. मुलाला झोंबणारं एक खरं दुःख होतं. त्याने इतरांना केलेली एक खरी इजा होती. आणि घरातल्या पुरुषाबद्दल त्याच्या मनात तिरस्कार होता, ज्याची त्या पुरुषाला कल्पना नव्हती. या तिन्हींची सरमिसळ होऊ न देणं हेच पुढचे पाच महिने खरं काम होतं.

एक गोष्ट पहिल्याच भेटीत केली. त्याला एकट्याला बसवून सरळ विचारलं, जगावंसं वाटत नाही असं कधी मनात येतं का, स्वतःला किंवा कोणाला इजा करावीशी वाटते का. ‘चेहरा आणि उंची यावर आयुष्याचा निकाल लागलेला असतो’ असं रोज ऐकणारी मुलं कधीकधी फार काळ्या जागी पोचतात. असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नको ते शिरतं ही भीती निराधार आहे. उत्तर ‘हो’ असतं, तर पुढचं सगळं बाजूला ठेवून मी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं असतं. त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, “नाही. पण चिडचिड होते,” म्हणाला, आणि मी पुढे गेले.

कोणते पर्याय होते

फोन काढून घेणं. बाबांना हेच हवं होतं, त्याच दिवशी. माझा विरोध फोनच्या प्रेमापोटी नव्हता. यादी मित्रांनी मिळून केली होती, म्हणजे फोन नसता तरी मित्रांचे फोन होतेच. आणि दुसरं असं, की या मजकुराने बंदीचं उत्तर आधीच तयार ठेवलेलं असतं : ‘खरं बोलणाऱ्याला गप्प करतात.’ पुरुषी वर्चस्वाचा प्रचार करणारा इन्फ्लुएन्सर ॲण्ड्र्यू टेट याची खाती ऑगस्ट २०२२ मध्ये फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक आणि यूट्यूबने काढून टाकली, तेव्हा चाहत्यांनी ती बंदीच पुरावा म्हणून मिरवली. (रुमानियात त्याच्यावर मानवी तस्करीसह गंभीर आरोप ठेवले गेले, ते तो नाकारतो. मुलं त्याचाही पुरावाच करतात.) घरात बाबांनी फोन हिसकावला असता तर तेच नाटक छोट्या मंचावर झालं असतं.

पाळत ठेवणारं ॲप. आई या बाजूची. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी मीही हो म्हणते. १४ व्या वर्षी चोरून बसवलेलं ॲप सापडतं तेव्हा जे जातं ते परत मिळवायला वर्ष लागतं.

वाट पाहणं. ‘वय आहे, निघून जाईल.’ खरं सांगायचं तर अनेक मुलांच्या बाबतीत जातंही. पण यादीतल्या मुलींनी त्याचं वय जाण्याची वाट का बघावी, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

एखादा ‘चांगला पुरुष’ उभा करणं, म्हणजे मामा किंवा खेळाचे सर. हा पर्याय मला मोहात पाडत होता. मामा मोकळा माणूस, मुलाचा लाडका. पण घरात बाप असताना आदर्श म्हणून मामाला आणणं म्हणजे मुलाच्या त्या वाक्यावर आपणच शिक्का मारणं, बाबा बीटाच आहेत. आम्ही मामाला थांबवलं.

आणि शेवटचा पर्याय, त्याच्याशी वाद घालून पुराव्याने त्याला खोटं पाडणं. हा मी नाकारायला हवा होता. तोच मी निवडला.

काय केलं

दुसऱ्या भेटीत मी त्याला लांडगे ऐकवले. ‘अल्फा’ची कल्पना लोकांपर्यंत आली ती लांडग्यांवरून. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरून वरचढपणाची उतरंड मांडली. अनोळखी प्राणी एकत्र कोंडले होते, ते भांडले. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती कल्पना जगभर नेली. पुढे त्याच मेक यांनी मोकळ्या रानातले कळप पाहिले आणि १९९९ साली लिहिलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं, आई, बाप आणि पिल्लं. पुढारी पुढारी असतात कारण ते आईबाप आहेत. आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा असं त्यांनी स्वतः प्रकाशकाला सांगितलं.

मी हे सगळं फार छान सांगितलं. मुलगा म्हणाला, “मला लांडग्यांचं काय करायचंय?” आणि पुढच्या भेटीला आला नाही.

चूक उघड होती. त्याने लांडग्यांवर विश्वास ठेवलाच नव्हता. त्याने एका आवाजावर विश्वास ठेवला होता, ज्याने त्याच्या पडत्या काळात त्याच्याशी बोलायची तसदी घेतली होती. माझा आवाज त्याला शाळेने पाठवलेला आणखी एक मोठा माणूस होता. माहिती बरोबर होती, वेळ चुकली होती.

त्याच्या गैरहजेरीत मी पालकांसोबत बसले आणि कामाचे दोन भाग केले. वागण्याला रेघ, आणि ती ठाम. विचारांना मोकळीक, तीही मनापासून. पालक नेमकं उलटं करतात : विचारावर तासभर भांडतात आणि वागणं ‘मुलगा आहे’ म्हणून सोडून देतात.

रेघ दोन वाक्यांची. या घरात कोणाच्या शरीराला गुण द्यायचे नाहीत. आणि ‘हे बायकांचं काम’ म्हणून कोणतंही काम नाकारायचं नाही. मोडली तर फोन जप्त वगैरे नाही, ज्याला लागलं त्याच्याशी ते निस्तरायचं. फोनचा नियम वेगळा आणि चौघांना सारखा : रात्री दहाला सगळे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. बाबांना हा नियम मुलापेक्षा जड गेला, हेही नोंदवते.

मग आईचा कबुलीजबाब. तिने चोरून फोन पाहिला होता हे सांगायचं की नाही, यावर आमची दोन तास चर्चा झाली. आईचं म्हणणं, “सांगितलं तर तो सगळं पुसेल.” माझं म्हणणं, तुम्हाला माहीत आहे हे त्याला तुमच्या प्रश्नांवरून कळेलच, आणि तेव्हा ते तुम्ही लपवलं म्हणून कळेल. तिने सांगितलं. मुलगा ओरडला, दार आपटलं, दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, “काय काय बघितलंस?” तिने सगळं सांगितलं आणि पुढे म्हणाली, “ते पहाटे उठण्याचे व्हिडिओ मला आवडले.” खोटं नव्हतं ते. तिला आवडले होते.

तिथून वाट निघाली. त्या गाठोड्यातलं चांगलं काय, हे मोठ्यांनी आधी मोठ्याने मान्य करायचं. व्यायाम चांगला. शिस्त चांगली. अपयशानंतर उठून उभं राहणं चांगलं. ‘मुलांचं दुःख कोणी विचारत नाही’ हे तर या मुलाच्या बाबतीत शब्दशः खरं होतं. संघातून वगळल्यावर त्याला कोणी विचारलं नव्हतं. हे ऐकल्यावर तो परत यायला तयार झाला.

मुलींच्या यादीचं काय करायचं, इथे शाळेशी मतभेद झाला. शाळेला वर्गासमोर माफी हवी होती. मी म्हटलं, आधी मुलींना विचारा. जिचं नाव शेवटी होतं तिने स्पष्ट सांगितलं की तिला त्याचं तोंड बघायचं नाही आणि वर्गासमोर तो विषय पुन्हा नकोय. तिला दोन गोष्टी हव्या होत्या : ती यादी सगळ्यांच्या फोनमधून गेली पाहिजे, आणि तिला वेगळ्या बाकावर बसायचंय. वर्गासमोरची माफी झाली असती तर ती सगळ्यांना बरं वाटावं म्हणून झाली असती, तिला सोडून.

मग मुलाला काम दिलं. ज्या ज्या फोनमध्ये यादी आहे त्या प्रत्येक मुलाला एकेकट्याला गाठायचं आणि पुसायला सांगायचं. ग्रुपवर मेसेज टाकून सुटका नाही. पाच दिवस लागले. काही हसले, एकाने त्याला ‘सिम्प’ म्हटलं. पहिल्यांदाच तो शब्द त्याच्याकडे वळून आला होता. दोघांनी पुसायला नकार दिला. ती नावं त्याने शाळेला द्यायची की नाही, हा निर्णय मी त्याच्यावर सोडला. त्याने दिली नाहीत. आज विचार करते तेव्हा वाटतं, तो निर्णय त्याचा नव्हताच. तो त्या मुलीचा होता.

बाबांचा भाग सगळ्यात अवघड. ‘बीटा’ हे वाक्य मला मुलीकडून कळलं होतं, पाचव्या आठवड्यात. बाबांना सांगायचं का? मी तिला विचारलं. ती म्हणाली, “सांगा. पण मी सांगितलं असं नको.” मी बाबांना शब्द सांगितला नाही, अर्थ सांगितला : मुलाला तुमची नोकरी गेल्याचं माहीत आहे आणि त्याने त्याचा अर्थ एका अनोळखी माणसाकडून समजून घेतलाय. तुमच्याकडून त्याने काही ऐकलेलंच नाही.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एक गोष्ट केली, जी मला सुचली नसती. ते मुलाला म्हणाले, “तुझा तो व्यायाम मला शिकव.” पहिल्या दिवशी बाबांना चार पुशअप्स जमल्या. मुलगा मास्तर झाला आणि मास्तर झाल्यावर बोलू लागला. दहाव्या-बाराव्या दिवशी, दोघं घामाघूम बसले असताना, बाबांनी सांगितलं : नोकरी कशी गेली, त्या दिवशी घरी यायला उशीर का केला, लाज कशी वाटली, आणि आईच्या पगारावर घर चालतंय याचा आता राग का येत नाही. मुलगा ‘हं’ म्हणाला. तेवढंच.

पुराव्यांची पाळी यानंतर आली, आणि या वेळी मी काही सांगितलं नाही. तो एकदा म्हणाला, “मॅडम, ८०-२० तर सिद्ध झालंय. ८० टक्के मुली फक्त वरच्या २० टक्के मुलांच्या मागे असतात.” मी म्हटलं, हा आकडा कुठून आला ते शोधून आण.

दोन आठवडे लागले त्याला. आधी तो विल्फ्रेडो पारेतो या अर्थतज्ज्ञापर्यंत गेला, म्हणजे इटलीतली सुमारे ८० टक्के जमीन २० टक्के लोकांकडे आहे या त्याच्या निरीक्षणापर्यंत, आणि वैतागला. मग त्याला ओकेक्युपिड या डेटिंग साइटने २००९ साली प्रसिद्ध केलेलं विश्लेषण सापडलं. त्यात बायकांनी सुमारे ८० टक्के पुरुषांना सरासरीपेक्षा कमी रूपाचं ठरवलं होतं, हे खरं होतं. तो खूश झाला. पण त्याच लेखात पुढे होतं की गुण कमी देऊनही बायका संदेश पाठवत होत्या साधारण दिसणाऱ्या पुरुषांनाच. पुरुषांनी मात्र गुण वाटताना उदारपणा दाखवला आणि दोन तृतीयांश संदेश पाठवले ते वरच्या एक तृतीयांश बायकांना. त्यातून ही आकडेवारी एका साइटवरच्या प्रौढांची, फोटो बघून दिलेली.

त्याचा चेहरा पडला नाही. तो चिडला. “अर्धंच सांगतात हे लोक,” म्हणाला. मला ती चीड पश्चात्तापापेक्षा जास्त मोलाची वाटली. पुढचा प्रश्न त्यानेच काढला : अर्धं सांगून यांना काय मिळतं? मग आम्ही टेटच्या ‘हसलर्स युनिव्हर्सिटी’बद्दल वाचलं. पैसे भरून सदस्य व्हायचं, नवे सदस्य आणले की कमिशन. त्या कमिशनसाठी सदस्य त्याच्या बोलण्याचे सगळ्यात भडक तुकडे कापून सगळीकडे टाकत. कमिशनची ती योजना ऑगस्ट २०२२ मध्ये बंद झाली. बाबांकडे ज्या कोर्सचे पैसे मागितले होते तो दुसऱ्याच माणसाचा होता, साचा तोच. “म्हणजे मी गिऱ्हाईक होतो,” तो म्हणाला. मी काही बोलले नाही.

यानंतर त्याने स्वतः शिफारशी कोऱ्या केल्या. टिकटॉकवर ती सोय २०२३ पासून आहे, इन्स्टाग्रामवर २०२४ च्या अखेरीपासून. यूट्यूबवर पाहण्याचा इतिहास पुसता येतो आणि एखादं चॅनेल नको असं सांगता येतं. पालक हे पहिल्याच दिवशी करायला बघतात. मुलाच्या इच्छेविरुद्ध केलं तर आठवड्यात पुन्हा तेच भरतं, कारण थांबणारा अंगठा तोच असतो.

निकाल

पाच महिन्यांनी आमच्या भेटी संपल्या. मुलगा ‘बदलला’ असं मी लिहिणार नाही. एक व्यायामवाला अजून बघतो, त्याचं बोलणं मला फारसं आवडत नाही. ‘मुलांचं कोणी ऐकत नाही’ असं अजून म्हणतो आणि त्यात मला खोडण्यासारखं काही दिसत नाही. तिसऱ्या महिन्यात त्याने बायकांवरचा एक घाणेरडा विनोद पुढे पाठवला. बहिणीने पाहिला, विचारलं. त्याने पुसला, सॉरी म्हणाला आणि मग अर्धा तास वाद घातला की विनोद एवढा वाईट नव्हता. याआधी सॉरी हा टप्पाच नव्हता.

फुटबॉलच्या सरांना जाऊन त्याने विचारलं, मला का घेतलं नाही. उंचीमुळे नव्हतं. डाव्या पायाने खेळत नाही म्हणून होतं. आठ महिन्यांचा सगळा डोलारा ज्या कारणावर उभा होता, ते कारण कोणी त्याला एका वाक्यात सांगू शकलं असतं.

बाबांना साधी नोकरी मिळाली, पगार आधीपेक्षा कमी. व्यायाम चालू आहे. एके सकाळी मुलगा त्यांना म्हणाला, “बाबा, लांडग्यांच्या हिशेबाने तुम्हीच अल्फा. नुसते बाप आहात म्हणून. काही मेहनत न करता.” बाबांनी हे मला फोन करून सांगितलं. त्यांना लांडग्यांची भानगड माहीत नव्हती, मला सगळी समजावून सांगावी लागली.

ज्या मुलीचं नाव यादीत शेवटी होतं, तिने बाक बदलला. नंतर तिने तुकडीही बदलली. दोन फोनमध्ये ती यादी राहिली होती. माझा आग्रह वाढल्यावर शाळेने त्या दोघांच्या पालकांना बोलावलं, पण तोवर दोन महिने गेले होते.

वेगळं काय करता आलं असतं

लांडग्यांची चूक मी सांगितली, ती लवकर कळली आणि निस्तरता आली. दुसरी तशी नाही.

पहिल्या चार आठवड्यांत मी मुलाला भेटले, आईला भेटले, बाबांना भेटले, शाळेशी बोलले. त्याच्या बहिणीला नाही. ती ‘प्रश्न’ नव्हती म्हणून. भेटले तेव्हा कळलं की सगळ्यात जास्त माहिती तिच्याकडेच होती. यादीच्या सहा महिने आधीपासून तो तिच्या कपड्यांवर बोलत होता, कुठे जातेस विचारत होता, तिच्या मैत्रिणींना तोंडावर ‘पाच’, ‘सहा’ म्हणत होता. तिने मैत्रिणींना घरी आणणं बंद केलं. एकदा आईला सांगितलं होतं. आई म्हणाली होती, “वय आहे त्याचं, तू लक्ष देऊ नकोस.” आईला ते वाक्य आठवतही नव्हतं. मुलीला तारखेसकट आठवत होतं.

आणि मग आम्ही सगळे मिळून त्याला वाचवायला लागलो. त्याच्याशी कसं बोलायचं, त्याला परकं वाटू नये म्हणून काय करायचं, त्याच्या व्यायामाचं कौतुक कसं करायचं. ती हे सगळं बघत होती. जेवताना आईने त्याच्या पहाटे उठण्याचं कौतुक केलं, तेव्हा ती ताटावरून उठून गेली. आईला वाटलं, अभ्यासाचा ताण असेल.

तिच्यासोबत वेगळ्या तीन भेटी झाल्या, पण त्या शेवटी शेवटी. तिसऱ्या भेटीत आईही होती आणि आईने ते जुनं वाक्य मागे घेतलं. भावाशी ती आता बोलते. त्याने तिच्याकडेही माफी मागितली, तिने “बघू” म्हटलं आणि विषय बदलला. तिच्या मैत्रिणी अजून घरी येत नाहीत.

आता असं प्रकरण आलं की पहिल्या फोनवरच विचारते, घरात आणखी मुलं कोण आहेत. बहीण असेल तर तिला पहिल्या आठवड्यात भेटते, मुलाच्याही आधी जमलं तर. पालकांना हे विचित्र वाटतं. परवाच एक आई म्हणाली, “पण मॅडम, तिला काही झालेलं नाही.”